भिंतीकडची रांग

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी नळाला पाणी आलं, सहाव्या दिवशी. माझी बायको भामाबाई भांडी भरत होती, मी बादल्या उचलत होतो, तेव्हा विश्वजीत आणि सायली आले. विश्वजीत माझा विद्यार्थी, दहावीला मराठीत काठावर पास झालेला. आता बिडकीनला कंपनीत आहे. दोघं आमच्याच चर्चच्या मंडळीतली. लग्नाला तीन वर्षं झाली. सायलीला पाचवा महिना.

"सलाम, सर," विश्वजीत म्हणाला. तो बसला नाही. सायली बसली.

शनिवारी सोनोग्राफी झाली. बाळाची कवटी तयार झालेली नाही. मेंदूही जवळजवळ नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. दिवस भरेपर्यंत बहुधा पोटात राहील. जन्मल्यावर काही मिनिटं, फार तर काही तास. उपाय नाही. वीस आठवडे झालेत, काय ते चोवीसच्या आत ठरवा, असं त्यांनी सांगितलं.

प्रार्थनेसाठी आलेत असं समजून मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतलं. सायली म्हणाली, "सर, प्रार्थना नंतर करू. मी दफनभूमीचं विचारायला आले."

दफनभूमी समितीचा मी सेक्रेटरी. अकरा वर्षं झाली. नोंदवही माझ्या कपाटात असते.

तिचा प्रश्न साधा होता. आता दवाखान्यात जाऊन मोकळी झाले तर बाळाला जागा मिळेल का? नावानं, नंबरानं?

मी नियम सांगितला. वहीत रकाने आहेत: नंबर, नाव, बापाचं नाव, वय, बाप्तिस्म्याची तारीख, मृत्यूची तारीख. बाप्तिस्मा नाही तर नंबर नाही. मेलेली जन्मलेली मुलं उत्तरेच्या भिंतीकडे पुरतात. त्यांची नोंद होत नाही. दवाखान्यात काढलेलं मूल आजवर कोणी आणलेलं नाही.

"आणि पूर्ण दिवस ठेवलं, जन्मलं, एकदा श्वास घेतला, तर?"

"तर कोणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं. बापसुद्धा. मग नंबर मिळतो."

"मग मी ठेवते," ती म्हणाली.

विश्वजीत खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मी म्हणालो, घाई करू नका, मी समितीला विचारतो. प्रार्थना राहून गेली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या सरूबाई तिळगूळ देऊन गेल्या.

वही काढली. पहिली नोंद १९३१ची. चौऱ्याण्णव वर्षांत भिंतीकडच्या रांगेबद्दल एक ओळ नाही. तिथं दगड नसतात. डोक्याशी एक वीट रोवतात, एवढंच.

"किती असतील तिथं?" मी मोठ्यानं म्हणालो.

"सतरा," आतून भामाबाई म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"मोजल्यात की."

त्यात आमचंही एक आहे. १९८४. आठवा महिना होता, मेलेलंच जन्मलं. मी तेव्हा बोर्डाचे पेपर तपासायला पैठणला होतो, तिसऱ्या दिवशी पोहोचलो. वडिलांनी पुरलं. कुठं, ते मी विचारलं नाही. तो विषय आमच्यात निघत नाही. भामाबाईलाही तो नको असतो. दर नोव्हेंबरात आईच्या कबरीवर फुलं घालायला जातो तेव्हा मी मधल्या वाटेनं जातो. ती गुडघ्यांमुळे भिंतीच्या सावलीनं, सावकाश येते.

संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा भिंतीकडे जाऊन विटा मोजल्या. सोळा. ती चुकली.

१६ जानेवारी, गुरुवार

पाळकसाहेबांना भेटलो. वय चौतीस, मंडळीत येऊन वर्षही झालेलं नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. स्वतःचं मत सांगितलं नाही. म्हणाले, "सर, तुम्ही साहित्याचे. गर्भात जीव केव्हापासून, याबद्दल शास्त्रात काय आहे ते दोन पानांत मांडा. रविवारी समितीपुढे ठेवू."

हे काम मला आवडलं, हे इथं कबूल केलं पाहिजे.

१८ जानेवारी, शनिवार

दोन दिवस वाचतो आहे.

उत्पत्तीत देव मातीचा माणूस घडवतो आणि नाकपुड्यांत श्वास फुंकतो. मग तो जिवंत होतो. म्हणजे श्वासापासून. पण तो माणूस कोणाच्या पोटी आला नव्हता. त्याच्यावरून पोटातल्याचं मोजमाप कसं करायचं?

यिर्मयाला देव सांगतो की तुला उदरात घडवण्याआधीच मी तुला ओळखत होतो. हे श्वासाच्याच काय, गर्भाच्याही आधीचं झालं.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात दोन माणसं भांडतात, गरोदर बाईला धक्का लागतो आणि तिचं मूल बाहेर पडतं. दुसरी इजा नसेल तर दंड. इजा असेल तर जिवाबद्दल जीव. कोणाची इजा? बाईची की मुलाची? टीकाकारांचे दोन तट आहेत. मी चार भाष्यं पाहिली, दोन इकडे, दोन तिकडे.

लूकमध्ये अलीशिबेच्या पोटातलं बाळ आनंदानं उडी मारतं. सहावा महिना.

ईयोबाला वाटतं, आपण दिवस न भरता पडलेल्या गर्भासारखे असतो तर बरं झालं असतं. उपदेशकही म्हणतो, अशा गर्भाला विसावा तरी मिळतो. पण त्याचं नाव अंधारानं झाकलं जातं, असंही तो म्हणतो. त्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो. सायली नावाचंच विचारत होती.

स्तोत्र १३९. मी आकाराला येत होतो तेव्हा तुझे डोळे मला पाहत होते.

सगळं वाचून एवढंच कळलं की शास्त्र तारीख सांगत नाही. ही वाक्यं ज्यांनी उच्चारली त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता. कोणी देवाचे आभार मानत होता, कोणी जन्माला शिव्या देत होता. त्यांच्याकडून मी कलम काढू पाहतो आहे.

टिपण दोन पानांत बसलं. भाषा नेमकी आहे.

१९ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर समिती मागच्या खोलीत बसली. पाळकसाहेब धरून पाच जण. बोलणारे दोनच: काकासाहेब आणि सत्यम. काकासाहेब मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, पंच्याहत्तरीचे, एस.टी.त मेकॅनिक होते. सत्यम तिशीतला, इंजिनिअर.

मी टिपण वाचलं. सत्यम म्हणाला, "छान आहे सर, पण मामला सिंपल आहे. उत्पत्ती दोन-सात. श्वास नाही तर माणूस नाही. कायदा परवानगी देतो, डॉक्टर सांगतात. हा दवाखान्याचा विषय आहे, कबरस्तानात कशाला आणायचा?"

"आन यिर्मया?" काकासाहेब म्हणाले. "पोटात घडायच्या आधी वळखलं म्हनतो देव."

"ते यिर्मयाबद्दल आहे काका. सगळ्यांबद्दल थोडंच."

"मंजी देव यिर्मयाला वळखतो, तुला नाय?"

"ओळखतो ना. म्हणून तर मला समितीवर घातलंय, तुमच्याशेजारी."

सगळे हसले. काकासाहेबही. मग ते गंभीर झाले. "जीव हाय त्यो. माझं म्हननं सरळ हाय, हात लावू नका. आन लावायचाच असंल तर मंडळीला इचारू नका. आपुन नंबर दिला मंजी आपुन व्हय म्हनलं."

"मीही तेच म्हणतो, नंबर नको," सत्यम म्हणाला. "पण माझं कारण वेगळं. नंबर दिला म्हणजे तो माणूस होता असं आपण लिहून दिलं. मग सायलीनं काय केलं? उद्या लोक तिला कोणत्या नावानं ओळखतील? नोंदच नको. त्यातच तिचं भलं आहे."

एक जण म्हणतो जीव आहे म्हणून नंबर नको, दुसरा म्हणतो जीव नाही म्हणून नको. माझं टिपण मध्ये टेबलावर पडलं होतं.

शेवटी पाळकसाहेबांनी वाट काढली. मंडळीत जुनी रीत आहे. कोणाचं पाऊल चुकलं तर तो पश्चात्तापाचा कागद लिहून देतो, तो समितीत वाचतात आणि विषय संपतो. सायलीनं तसा कागद द्यावा, मग जागा द्यावी. काकासाहेब म्हणाले, "कागद असंल तर बघू." सत्यमनं खांदे उडवले. मसुदा मी करायचा ठरलं. सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मलाही.

२० जानेवारी, सोमवार

कागद लिहिला. चार वेळा खोडून पाच वाक्यांवर आणला. 'पाप' हा शब्द कुठंही येऊ दिला नाही, 'दुर्बलता' घातला. पाचवं वाक्य असं: 'माझ्या उदरातील जिवाचा माझ्या संमतीने होणारा अंत मी पश्चात्तापपूर्वक देवाच्या दयेवर सोपवते.' यात कोणाला दुखेल असं काही नाही. वाक्याला लयही आहे.

भामाबाईला वाचून दाखवला आणि कागद हातात दिला. ती मेथी निवडत होती. पाहून म्हणाली, "अक्षर चांगलं हाय."

२१ जानेवारी, मंगळवार

रिक्षानं पडेगावला, सायलीच्या घरी गेलो. सायली एकटीच होती. तिनं कागद दोनदा वाचला.

"सर, यात चूक काहीच नाही," ती म्हणाली.

मला बरं वाटलं.

"फक्त, हे मी अजून केलेलं नाही."

मी म्हणालो, ही एक पद्धत आहे.

"आधी पश्चात्ताप लिहून द्यायचा आणि मग जाऊन ते करायचं? पश्चात्ताप झाला असेल तर जायचं कशाला? आणि झाला नसेल तर हे कोणाचं आहे, तुमचं?" तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात एखादी हुशार मुलगी शंका विचारते तसं ती विचारत होती.

तिनं कागद मूळच्या घडीवर दुमडून परत दिला.

"मी ठेवते, सर. चार महिने. डॉक्टर म्हणाल्या, एखादा श्वास घेईल बहुतेक. विश्वजीत पाण्याची बाटली घेऊन उभा राहील. तुम्ही नंबर राखून ठेवा."

मग तिनं चहा केला. तो पिऊन निघालो. परत येताना वाटलं, पाचव्या वाक्यातला 'पश्चात्तापपूर्वक' काढला तर कदाचित चालेल.

२३ जानेवारी, गुरुवार

भामाबाई मंगळवार संध्याकाळपासून रोज पडेगावला जाते. भाकरी बांधून नेते. मला विचारत नाही.

आज जेवताना म्हणाली, "शेजारनी डोहाळजेवणाचं इचारायला लागल्यात तिला. कंचा महिना, काय खावंसं वाटतं. परवा एकीनं पोटाला हात लावून पाहिला. समद्यांना हसून बोलती बिचारी."

"तिनंच ठरवलं ना."

"तिनं कुठं? तुमच्या वहीनं ठरवलं. वहीपायी चार महिने वागवनार ती."

मी म्हणालो की वही माझी नाही, समितीची आहे, आणि शास्त्रात याबद्दल निश्चित असं...

"शास्त्रात दावीदाचं लेकरू सातव्या दिशी गेलं," ती म्हणाली. "सुंता व्हायच्या आधी. नाव बी नसंल ठेवलं. दावीद म्हनला, आता म्या त्याच्याकडं जाईन. कुठं जाईन म्हनला? बिननंबरी जागंवर?"

तो उतारा माझ्याकडून सुटला होता. दुसरा शमुवेल, बारावा अध्याय. टिपणात घातला.

तिनं ताट उचललं.

२८ जानेवारी, मंगळवार

वहीचा पुठ्ठा सुटला होता, म्हणून बांधून घ्यायला शहागंजात गेलो. दुकानाबाहेर थांबलो असताना विश्वजीतचा फोन आला. कुठं आहात विचारून अर्ध्या तासात तिथंच आला. पहिल्या पाळीहून सुटला होता, अंगावर कंपनीचा शर्ट.

बाळाभोवतीचं पाणी वाढतं आहे. सायलीला आडवं होऊन झोपता येत नाही, उशी लावून बसते. काल बी.पी. वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, पुढं आणखी वाढू शकतं. आज बावीस आठवडे आणि एक दिवस.

"सर, मी तिला काही म्हणू शकत नाही. तिला वाटेल मला सुटका हवीय. तुम्ही म्हणा. नंबर देतो म्हणा."

"समितीनं दिलेला नाही."

"खोटं म्हणा. नाहीतर खरंच लिहा. वही तुमच्याकडंच आहे. कोण तपासतं?"

खरं आहे. अकरा वर्षांत वही कोणी तपासलेली नाही. बाइंडरनं ती आणून माझ्या हातात दिली तेव्हा विश्वजीत माझ्या हाताकडे बघत होता.

मी नाही म्हणालो. "लपवून लिहिलेला नंबर तिला नको असेल रे. लपवलेली जागा तर भिंतीकडे आहेच की."

तो पाठ फिरवून गर्दीत गेला. शाळेत मी पेपर परत करायचो तेव्हा तो असाच जायचा.

माझा कागद अजून पाकिटात होता. घरी येऊन वाचला. वाक्यं चांगली आहेत. ती कोणासाठी लिहिली होती, ते आज कळलं. समितीसाठी. फाडला.

३० जानेवारी, गुरुवार

काकासाहेबांकडे गेलो. अंगणात सायकल उलटी करून साखळीला तेल देत होते. हातानं खाट दाखवली.

मी म्हणालो, "कागदाची अट मागे घ्या."

"तुमीच लिवला की."

"लिहिला. चुकलं माझं."

ते चाक फिरवत राहिले. मी बाळाचा विषय काढला. म्हणालो, ते तसंही मरणारच आहे.

"आपुन समदेच मरनार हाय, सर. म्हनून कुनी आधी मारतं का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. इथं लिहिताना शोधून पाहिलं.

"काकासाहेब," मी म्हणालो, "तिनं ते देवासाठी ठेवलं असतं तर मी इथं आलोच नसतो. तिचा तसा विश्वास असता तर मी तिची चप्पल उचलली असती. पण तिनं वहीसाठी ठेवलंय. एक श्वास घ्यायचा, वर पाणी पडायचं आणि नंबर मिळायचा. तेवढ्यासाठी ती जीव धोक्यात घालतेय."

चाक थांबलं. "वहीसाठी?"

"हो. मीच तिला नियम सांगितला."

त्यांनी फडक्यानं एकेक बोट पुसलं. "एकशेएकुनचाळीस काढा," म्हणाले. मी म्हणालो, पाठ आहे. "मंग म्हना." मी म्हणायला लागलो. आकाराला येत होतो तेव्हा तुझे डोळे मला पाहत होते, इथपर्यंत आलो आणि पुढची ओळ माझ्या तोंडून आपसूक निघाली: तेव्हाच सगळं तुझ्या वहीत लिहिलेलं होतं.

"बाप्तिस्म्याचा रकाना हाय का त्या वहीत?" काकासाहेब म्हणाले.

स्तोत्र टिपणात घेतलं तेव्हा ही ओळ मी गाळली होती. जीव केव्हा सुरू होतो त्याच्याशी तिचा संबंध नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी तेलाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "पन नंबर दिला तर ती जाईल दवाखान्यात. मंजी माझा बी हात लागला त्याला. ते कसं करू?"

"मला माहीत नाही."

"नाय म्हनलं तर तिला काय झालं तर? तवा बी माझाच हात." त्यांनी सायकल सरळ केली. "दोन-तीन दिस द्या मला."

२ फेब्रुवारी, रविवार

प्रभुभोजनाचा रविवार. सायली आली नव्हती.

समिती पुन्हा बसली. काकासाहेब उभे राहून बोलले. एरवी बसूनच बोलतात.

"माझं म्हननं बदललं नाय. जीव हाय त्यो, आन त्याला हात लावनं मला पटत नाय. पन जीव हाय म्हनायचं आन इटंखाली घालायचं, हे बी पटत नाय. नंबर द्या. कागद मागू नका. खड्डा म्या खांदतो. माझी सही तेवढी घेऊ नका."

सत्यम म्हणाला, "काका, तुम्ही या वयात खोदणार? मी माणूस बघतो."

"तुज्या म्हनन्यापरमानं तिथं मानूसच नाय. तू कशाला येतो?"

"तुम्ही आहात ना तिथं. तुमच्यासाठी येतो."

चार सह्या झाल्या. सत्यमनंही केली; म्हणाला, तिलाच नोंद हवी असेल तर माझी हरकत नाही. एक जागा रिकामी ठेवली. मोठ्या कबरींमध्ये एवढी लहान जागा नाही, म्हणून जागा भिंतीकडेच, पण नंबरासकट.

३ फेब्रुवारी, सोमवार

पडेगाव. सायली उशीला टेकून बसली होती. पाय सुजलेत. मी ठराव सांगितला.

"कागद?"

"नाही."

"सगळ्यांच्या सह्या?"

"काकासाहेबांची नाही. त्यांना पटलेलं नाही. खड्डा मात्र ते खणणार आहेत."

तिनं मान हलवली. "म्हणजे आता फक्त माझं ठरवायचं राहिलं."

तिला हलकं वाटेल अशी माझी कल्पना होती. तसं दिसलं नाही. आजवर ती नियमाशी भांडत होती. आता भांडायला कोणी राहिलं नव्हतं. काय ठरवणार, ते मी विचारलं नाही. भामाबाई तिच्या पायाला तेल लावत बसली होती. तिनंही विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी विश्वजीतचा फोन. दोन डॉक्टरांच्या सह्या झाल्या, सायलीला दाखल केलं. भामाबाई लगेच गेली.

मी वही काढून बसलो आणि काही न लिहिता ठेवून दिली.

संध्याकाळी भामाबाई शहागंजातून मलमल घेऊन आली आणि मशीनवर बसली. तिनं टोपडं शिवलं, मोठं, खाली गळ्यापर्यंत येणारं. मी मापाबद्दल बोलणार होतो. मग लक्षात आलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलगी. आपल्याकडे आधी सांगत नाहीत, म्हणून नाव ठरलेलं नव्हतं. काल दुपारी ठरलं. रूथ. दवाखान्यानं अर्ज घेऊन तिला ताब्यात दिलं. विश्वजीतनं कंपनीतल्या पॅकिंगच्या फळ्यांची पेटी केली होती. चांगली तासलेली होती, कुठं लाकडाची कूस वर आलेली नव्हती.

सकाळी आठ वाजता दफनभूमीत पोहोचलो. काकासाहेब आधीच आले होते. कुदळ घेऊन त्यांनी रांगेच्या टोकाची मोकळी जागा निवडली होती. वीट नव्हती तिथं.

"तिथं नको," भामाबाई म्हणाली. "तिथं हाय एक."

काकासाहेबांनी कुदळ खाली ठेवली. "कुनाचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चार पावलं पुढं गेली आणि चपलेनं मातीवर रेघ मारली. "हितून घ्या."

मी त्या मोकळ्या जागेपाशी उभा राहिलो. तिथं गवत होतं, बाकी काही नाही. कामाला सुरुवात झाली होती, पण मला तिथून हलता येईना. बऱ्याच वेळानं भामाबाई येऊन शेजारी उभी राहिली. "पोरगा व्हता," म्हणाली. एवढंच. एक्केचाळीस वर्षांत मी हेही विचारलं नव्हतं.

काकासाहेब आणि सत्यम आळीपाळीनं खणत होते. कमरेपर्यंत खोल झाल्यावर सत्यम धापा टाकत म्हणाला, "काका, बस की. एवढीशी तर पेटी आहे."

"मानसाचं माप घ्यायचं," काकासाहेब म्हणाले आणि खणत राहिले.

वय काय लिहू, असं सायलीला विचारावं लागलं. ती खुर्चीवर बसली होती, शाल घेऊन. म्हणाली, "तेवीस आठवडे तीन दिवस. पण सर, डॉक्टर पाळीच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे त्यातले दोन आठवडे ती नव्हतीच."

"मग दोन कमी करू?"

तिनं विचार केला. "नको. राहू द्या."

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. छोटी केली, 'पश्चात्ताप' नाही, 'दुर्बलता' नाही. प्रार्थना सुरू झाली तेव्हा काकासाहेब फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन. आमेन ऐकू आल्यावर आत आले आणि माती लोटायला लागले.

सगळे निघाले. काकासाहेब नळावर कुदळ धूत होते. सायली विश्वजीतचा हात सोडून त्यांच्यापाशी गेली.

"काका, घरी चहा आहे. या."

"आज नाय, पोरी."

"मग कधी?"

त्यांनी नळ बंद केला. "आईतवारी."

९ फेब्रुवारी, रविवार

उपासनेनंतर काकासाहेब सायकलवर पडेगावला गेले. दुपारी परत जाताना माझ्याकडे थांबले.

"काय बोलणं झालं?" मी विचारलं.

"काई नाय."

"तुमचं मत सांगितलंत?"

"तिला ठावं हाय ते."

"मग तासभर काय केलंत?"

"बसलो. तिला रडू आलं, मंग थांबलं." त्यांनी पायानं सायकलीचं स्टँड वर केलं. "च्या दोनदा झाला."